योजनेचा पैसा आला, पण फरक किती पडला? सातारा-सांगलीकडं नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातला. ग्रामपंचायतीचे मेंबर, बचत गटाच्या बायका, कॉलेजची पोरं असे सगळे गावच्या आराखड्यासाठी एकत्र बसतो तेव्हा फिरून फिरून तेच प्रश्न निघतात, आणि दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. उदाहरणं विटा, आटपाडी, तासगाव, माण, खटाव, कोरेगाव इकडचीच घेतलीत. मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही, पण हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण पैसा आपला आहे आणि तो एका कामावर गेला की दुसऱ्या कामाला राहत नाही.

परिणाम मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं?

तीन गोष्टी असतात आणि लोक त्या एकातच मिसळतात. खर्च किती झाला, काम किती झालं आणि त्या कामाने फरक किती पडला. दहा लाख खर्च झाले हा खर्च, चारशे मीटर रस्ता झाला हे काम, आणि त्या रस्त्यामुळे दुधाचा टेम्पो वाडीपर्यंत यायला लागला, पोरींची शाळा सुटायची थांबली, हा फरक. बातमीत, फ्लेक्सवर, भाषणात नेहमी पहिल्या दोन गोष्टी असतात, तिसऱ्याचं कुणी विचारतच नाही.

त्यातही फरक म्हणजे "आधी असं होतं, आता असं आहे" एवढंच नाही. "काम झालं नसतं तर आज काय असतं" आणि "आज काय आहे" या दोघांतलं अंतर म्हणजे फरक. हे वाक्य नीट कळलं की निम्मा विषय संपला, बाकी सगळं हे अंतर काढायचं कसं याचीच खटपट आहे.

पण ऑडिट होतंच की दरवर्षी, मग हे वेगळं कशाला?

लोकल फंडचं, म्हणजे ग्रामपंचायतीचा हिशोब तपासणारं सरकारी ऑडिट बघतं की टेंडर नियमात झालं का, एमबीवर म्हणजे मोजमाप पुस्तकावर सही आहे का, बिल आणि मोजमाप जुळतं का. ते पाहिजेच. पण कागद एकदम चोख असलेला बंधारा चुकीच्या जागी असू शकतो आणि त्यात पावसाळा संपायच्या आत पाणी झिरपून भलतीकडे गेलेलं असतं. ऑडिटला त्यात काही चूक सापडणार नाही. कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, मात्र कधी कधी पुढे जाऊन कामगिरीचं ऑडिट करतं, म्हणजे पैसा ज्यासाठी दिला ते साधलं का ते बघतं.

आमच्या गावात बंधारे झाले, पुढच्याच वर्षी विहिरींना पाणी आलं. फायदा दिसतोय की डोळ्यानं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर देताना समोरच्याला वाईट वाटतं, कारण त्याने घाम गाळलेला असतो. तरी सांगतो.

आपल्याकडे पाण्याची कामं मंजूर कधी होतात? दुष्काळ पडला की. माण-खटाव-आटपाडीत दोन वर्षं पाऊस गेला, टँकर लागले, छावण्या लागल्या की सरकार हलतं, कामं निघतात. आणि अगदी वाईट वर्षाच्या पुढचं वर्ष बहुतेक वेळा त्यापेक्षा बरंच असतं, कारण त्याहून वाईट व्हायला फारशी जागाच उरलेली नसते. म्हणजे बंधारा बांधला काय आणि नाही बांधला काय, पाणी थोडं वर येणारच होतं. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं महाराष्ट्राला दुष्काळाची गेली, २०१६ ला पाऊस चांगला झाला, त्यामुळे मधल्या काळात ज्याने ज्याने पाण्याचं काम केलं त्या प्रत्येकाला २०१६ च्या हिवाळ्यात आपलं काम यशस्वी दिसलं. काहींचं खरंच होतं, पण किती कामाचं आणि किती पावसाचं हे नुसत्या विहिरीकडे बघून सांगता येत नाही.

म्हणून शेजारचं गाव लागतं, जिथं पाऊस तसाच पडला पण काम झालं नाही. समजा तुमच्या गावात मे महिन्यात पाणी सरासरी ९ फूट वर आलं आणि शेजारच्या बिनकामाच्या गावात ७ फूट वर आलं, तर कामाचा वाटा २ फूट. नऊ नाही, दोन. आणि दोन फूट काही कमी नसतं, एका बागेला उन्हाळ्यातलं एखादं पाणी जास्त मिळतं त्यात, पण जो हिशोब नऊ फुटांवर केला तो साफ चुकला.

जलयुक्त शिवारच्या बाबतीत राज्यपातळीवर हीच गोष्ट निघाली. २०२० साली कॅगचा अहवाल आला, त्यात ९,६०० कोटींच्या वर खर्च होऊनही भूजल वाढवण्यात योजनेचा परिणाम फार कमी दिसला असं म्हटलं होतं. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ भांडण झालं. माझं म्हणणं एवढंच की सुरुवातीपासून प्रत्येक गावासोबत एक बिनकामाचं गाव मोजत ठेवलं असतं तर भांडायची वेळच आली नसती, आकडा समोर असता.

मग शेजारचं गाव निवडायचं कसं? कुठलंही चालेल?

नाही. पाऊस सारखा पाहिजे, म्हणजे शक्यतो एकाच महसूल मंडळातलं गाव घ्या. जमीन सारखी पाहिजे, मुरमाड माळाचं गाव आणि नदीकाठच्या काळ्या रानाचं गाव यांची तुलना होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काम व्हायच्या आधीची काही वर्षं दोन्ही गावांची चाल सारखी पाहिजे, दोघांच्या विहिरी बरोबर वर-खाली होत असल्या पाहिजेत. आधीच वेगवेगळ्या वाटेने चाललेली दोन गावं असतील तर नंतरचा फरक कामाचा म्हणता येत नाही.

अजून एक फसगत सांगतो. योजनेत बहुतेक तीच गावं येतात ज्यांचा सरपंच धावपळीचा, ज्यांच्यात एकी आहे. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपला, म्हणजे गावागावांतल्या पाण्याच्या कामांच्या स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचा पहिला नंबर आला, त्या गावच्या लोकांनी काय राबून काम केलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पण असं एकीचं गाव योजना नसती तरी काहीतरी करतच राहिलं असतं ना? त्यामुळे तुलनेला भांडणाचं, गटातटाचं गाव घेतलं तर योजनेचा फायदा फुगून दिसतो. आणि श्रमदान झालं असेल तर ते खर्चात धरा. पैसे दिले नाहीत म्हणून ते फुकट नव्हतं, त्या दिवसांची मजुरी बुडालेली असते.

"एक रुपया खर्च केला की अर्थव्यवस्थेत अडीच रुपये तयार होतात" हे खरं आहे का?

या म्हणण्याला आधार आहे, पण आपल्याकडे तो चुकीच्या जागी वापरतात.

याला गुणक म्हणतात. सरकारने ठेकेदाराला दिलं, त्याने मजुराला दिलं, मजुराने किराणा भरला, दुकानदाराने अजून कुठे खर्च केला, असा तोच पैसा फिरतो. ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड काहन यांनी १९३१ साली मांडली आणि केन्स या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने ती पुढे नेली. आपल्या देशासाठी दिल्लीच्या एनआयपीएफपी या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी २०१३ साली हिशोब काढला, त्यात रस्ते-धरणं अशा भांडवली खर्चाचा गुणक २.४५ आला आणि लोकांच्या हातात थेट दिलेल्या पैशाचा ०.९८. ते अडीच रुपये इथून आलेत.

पण हा आकडा अख्ख्या देशाचा आहे. तुमच्या गावाचा नाही, तालुक्याचा तर नाहीच. समजा वाडीला १० लाखांचा सिमेंट रस्ता झाला. आता एस्टिमेट हातात घेऊन एकेक ओळ बघा. सिमेंट बाहेरचं, खडी-क्रश सँड दुसऱ्या तालुक्यातल्या क्रशरची, मिक्सर आणि जेसीबी ठेकेदाराचा, तोही बाहेरचा, डिझेल बाहेरून, जीएसटी सरकारला परत. गावात काय राहिलं? चार-सहा मजूर, पाण्याच्या टँकरचं भाडं, वडापाव-चहा, झालं तर राखणदार. समजा हे सगळं धरून ३ लाख गावात पडले. त्या ३ लाखातला प्रत्येक रुपया हातात आल्यावर ४० पैसे गावातच खर्च होतात आणि ६० पैसे विट्याच्या बाजारात, दवाखान्यात, मोबाईलच्या रिचार्जमध्ये बाहेर जातात असं धरलं, तर ३ लाख भागिले ०.६ म्हणजे फिरून फिरून ५ लाख. दहा लाखांच्या कामाने गावात बांधकामाच्या काळात ५ लाखांची उलाढाल झाली, पंचवीस लाखांची नाही. बाकीचं वाया गेलं असं नाही, ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या जिल्ह्यात फिरलं. पण प्रश्न गावाचा विचारला तर उत्तर गावाचंच द्यायला पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट जी या सगळ्यात हरवते, की रस्ता बांधताना पैसा फिरावा म्हणून आपण रस्ता बांधत नाही. तो पुढची दहा-पंधरा वर्षं वापरायला बांधतो. रस्ता दोन पावसाळ्यात उखडला तरी गुणकाचा आकडा तसाच चांगला येतो, कारण पैसा तर फिरलाच. म्हणून नुसत्या उलाढालीवर कामाची किंमत करू नका.

"अमुक हजार रोजगार निर्माण होणार" असं जाहीर करतात तेव्हा तो आकडा कसा काढतात?

पुष्कळदा एक ठरलेलं गुणोत्तर घेऊन गुणाकार करतात, एवढे कोटी गुणिले एवढी माणसं. मी स्वतः एकदा एका प्रस्तावाचा फॉर्म भरायला बसलो होतो, त्यात "अपेक्षित रोजगार निर्मिती" असा रकाना होता, आणि ऑफिसातल्या माणसाने मागच्या प्रस्तावाचा आकडा बघून जरा वाढवून लिहायला सांगितला. तो रकाना पुन्हा कुणी तपासला नाही, पण बेरजेत मात्र तो गेला. मला ते अजून खटकतं.

असा आकडा दिसला की विचारा: किती दिवसांचा रोजगार, कायमचा की बांधकामापुरता, आणि ती माणसं आधी काय करत होती? ऊसतोडीला जाणारा माणूस साइटवर आला तर त्याची आधीची मजुरी वजा करायला पाहिजे. रिकाम्या माणसाला काम मिळालं तर पूर्ण फायदा, कामावरचा माणूस इकडून तिकडे गेला तर फक्त वरचा फरक.

टेंभूचं पाणी आलं आणि आमचा भाग बदलला. याचा हिशोब कसा मांडायचा?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवायचं आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडे सांगोल्यापर्यंत न्यायचं, अशी ही योजना. १९९६ ला मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज १,४०० कोटींच्या आसपास होता, आणि नंतर सुधारित मान्यता घेत घेत तो कितीतरी वाढला. ज्या माळावर कुसळं उगवत होती तिथं आज डाळिंब, द्राक्ष, ऊस उभा आहे, हे मी रोज बघतो आणि मला त्याचा आनंद आहे. तरी हिशोब करताना चार गोष्टी टाळता येत नाहीत.

पहिली उशीर. आज खर्च केलेला रुपया आणि वीस वर्षांनी मिळणारा रुपया सारखा नाही. ८ टक्के दर धरला तर वीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत साधारण साडेएकवीस रुपये होते. म्हणजे निधी थोडा थोडा येत राहिला, कालवा अर्धवट पडून राहिला, पंपगृह बांधून तयार पण पुढचा कालवा नाही, असं जिथं जिथं झालं तिथं भ्रष्टाचाराचा एक पैसा न खाता सुद्धा फायद्याचा मोठा वाटा गेला. चोरी झाली की ओरड होते, उशीर झाला की कुणी ओरडत नाही, आणि माझ्या मते उशिराने झालेलं नुकसान जास्त मोठं आहे.

दुसरी वीज. हे धरणाचं वाहतं पाणी नाही, उचललेलं पाणी आहे. प्रत्येक आवर्तनाला, म्हणजे पाणी सोडायच्या प्रत्येक पाळीला, वीजबिल येतं. पूर्वी बिल थकलं की पंप बंद आणि बागा वाळायच्या. मग ८१-१९ आलं, म्हणजे बिलातले ८१ टक्के सरकार भरणार आणि १९ टक्के शेतकऱ्याच्या पाणीपट्टीतून. शेतकऱ्याच्या वहीत पाणी स्वस्त झालं, पण समाजाच्या वहीत वीज तेवढीच जळली. आपण कुणाची वही लिहितोय हे आधी ठरवायचं. एका शेतकऱ्याचा नफा काढायचा असेल तर १९ टक्के धरा, सगळ्यांचा फायदा काढायचा असेल तर शंभरच्या शंभर टक्के धरा.

तिसरी, पिकाची किंमत म्हणजे फायदा नव्हे. "पाण्यामुळे एवढ्या कोटींचं द्राक्ष पिकलं" असं म्हणतात तेव्हा औषधं, खतं, तार-अँगल, छाटणीची मजुरी, सगळं त्यात असतं. ते वजा करा, आणि त्या रानात आधी जी ज्वारी-बाजरी येत होती तिचाही निव्वळ नफा वजा करा. उरलं तो पाण्याचा फायदा.

चौथी गोष्ट खास आमच्या भागाची. खानापूर-आटपाडीची माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत, सोनं-चांदी गाळायचं काम. गावात दोन मजली घर उभं राहिलं, नवी गाडी आली, की लोक म्हणतात पाण्याने दिवस पालटले. पण ते घर टेंभूच्या पाण्याने बांधलं की लांबच्या शहरातल्या भट्टीने, हे विचारल्याशिवाय कळत नाही. कदाचित उलटंही असेल, की गलाईचा पैसा होता म्हणून पाणी आल्यावर ठिबक आणि बाग करता आली. मग दोघांचा वाटा वेगळा काढणं अवघड होतं. अवघड आहे म्हणून सगळं श्रेय पाण्याला देऊन मोकळं होणं मात्र बरोबर नाही.

एका गावाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान असं असेल तर?

दोन्ही वेगवेगळं लिहायचं, एकात एक घालून बेरीज दाखवायची नाही. एस्तेर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी भारतातल्या धरणांचा जिल्हावार अभ्यास केला, २००७ साली तो आला. त्यात धरणाच्या खालच्या जिल्ह्यांत शेती वाढली, गरिबी घटली, आणि धरण ज्या जिल्ह्यात आहे तिथं मात्र गरिबी वाढलेली दिसली. कोयना धरणासाठी उठवलेल्या गावांच्या माणसांना हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. राज्याला वीज मिळाली, त्यांचं गाव पाण्यात गेलं. बेरीज अधिक येते म्हणून त्यांच्या वाट्याचं वजा पुसलं जात नाही.

लाडकी बहीणचे पैसे बाजारात आले. त्याचा परिणाम कसा बघायचा?

जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायकांना महिन्याला १,५०० रुपये. योजना जाहीर करताना वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज सांगितला होता. एवढा पैसा कुठेतरी दिसणारच.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने मला त्याची उधारीची वही दाखवली होती. पूर्वी बऱ्याच पानांवर "ऊसबिल आल्यावर" किंवा "दुधाचा पगार झाल्यावर" असं लिहिलेलं असायचं आणि नाव घरातल्या पुरुषाचं. आता काही पानांवर बाईचं नाव आहे आणि थोडे थोडे पैसे जमा आहेत, कधी पाचशे, कधी सातशे, आणि ज्या महिन्यात हप्ता लांबला तिथं जागा कोरी. ती वही मला कुठल्याही सर्व्हेपेक्षा जास्त बोलकी वाटली. बाईच्या नावावर खातं, हा बदल उलाढालीच्या आकड्यात कधीच दिसणार नाही.

पण एका वहीवरून राज्याचं सांगता येत नाही. आणि इथं अडचण अशी की योजना सगळ्या गावांत एकाच वेळी आली, त्यामुळे तुलनेला शेजारचं गावच नाही. मग काय करतात, वयाची रेघ वापरतात. २० वर्षांची लग्न झालेली मुलगी आणि २१ वर्षांची, दोघींच्या घरात तसा काही फरक नसतो, पण एकीला पैसे मिळतात आणि एकीला नाही. अशा पुष्कळ जोड्या घेतल्या की फरक काढता येतो. ६५ च्या रेघेवर हे जमत नाही, कारण तिथून श्रावणबाळ ही म्हाताऱ्या माणसांची पेन्शन सुरू होते, म्हणजे एका बाजूचे पैसे थांबतात आणि बऱ्याच जणींना दुसऱ्या बाजूने चालू होतात.

आणि खर्चाची बाजू विसरू नका. हे ४६,००० कोटी दुसऱ्या कशावर गेले असते किंवा कर्ज काढावं लागलं नसतं, तर काय झालं असतं, हा प्रश्न पैसे देण्याच्या बाजूने असलेल्यांनी पण विचारायला हवा. मी स्वतः बाजूने आहे, तरी विचारतो.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गर्दी वाढली. हा फायदाच ना?

१७ मार्च २०२३ पासून ही सवलत आहे. गर्दी वाढली यात शंका नाही. पण त्यातल्या किती जणी आधी घरातून निघतच नव्हत्या आणि किती जणी आधी वडापने, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खाजगी गाडीने, जात होत्या? वडाप सोडून एसटीत आलेल्या बाईचे पैसे वाचले, हा तिचा फायदा, पण प्रवास नवीन नाही, आणि वडापवाल्याचा धंदा तेवढा गेला. जी आधी जातच नव्हती, आता कॉलेजला, दवाखान्यात, माहेरी जाते, तो खरा नवा प्रवास. स्टँडवर उभं राहून पन्नास जणींना एवढंच विचारलं, "याआधी कशानं जात होता?" तरी पुष्कळ कळतं. सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटीला देतं, म्हणजे तो खर्चच आहे, तो एसटीचं उत्पन्न वाढलं म्हणून मिरवायचा आकडा नाही.

रोजगार हमी म्हणजे खड्डे खणून पैसे वाटणं, असं म्हणतात. त्याचं मोजमाप?

हे म्हणणाऱ्यांनी निदान सांगली जिल्ह्यात तरी जरा थांबून बोलावं. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, १९६५ साली तिथंच त्यांनी हा प्रयोग करून बघितला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला, शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून पैसा उभा केला, आणि पुढे २००५ ला केंद्राने देशासाठी कायदा केला. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती, ही मालमत्ता तर मोजाच. पण मोठा फायदा कामावर न आलेल्या माणसालाही होतो, आणि तो सहसा मोजला जात नाही. गावात काम मिळेल ही खात्री असली की बागायतदाराकडे मजुरीची बोली करताना कमी मजुरीला मजूर नकार देऊ शकतो. देशाचा कायदा २००६ ते २००८ मध्ये तीन टप्प्यांत जिल्ह्याजिल्ह्यांत आला, त्यामुळे आधी मिळालेल्या आणि नंतर मिळालेल्या जिल्ह्यांची तुलना करता आली, आणि खाजगी मजुरीही वाढल्याचं दिसलं. मजुराला तो फायदा, बागायतदाराला तो खर्च. दोघंही आपल्याच गावात राहतात, म्हणून या प्रश्नावर ग्रामसभेत कायम दोन तट पडतात.

डांबरी रस्ता आला की गाव सुधारतं, एवढं तरी पक्कं आहे ना?

सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाड यांनी प्रधानमंत्री ग्रामसडकच्या रस्त्यांचा अभ्यास केला, २०२० ला तो छापून आला. योजनेत लोकसंख्येच्या रेषा होत्या, १,००० आणि ५००, म्हणून रेषेच्या जरा वरच्या आणि जरा खालच्या गावांची तुलना केली. निघालं असं की माणसं शेती सोडून बाहेरच्या कामाला जायला लागली, पण शेतीचं उत्पादन, घरचं उत्पन्न, मालमत्ता यात मोठा फरक दिसला नाही. मला हे वाचून धक्का बसला होता. पण विचार केला की पटतं, रस्त्याने माणूस बाहेर जातो, पण रानाला पाणी तेवढंच असतं. आणि बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात नेणं हा फायदा उत्पन्नाच्या आकड्यात येतच नाही.

महापुरानंतर बांधकामं वाढली, बाजार चालू झाला. मग पुराने अर्थव्यवस्था वाढते का?

नाही. २०१९ आणि २०२१ नंतर सांगलीत फर्निचर, फ्रिज, सिमेंट खूप विकलं गेलं, पण ते सगळं बुडालेल्याच्या जागी आलं. माणूस तिथंच परत आला जिथं आधी होता, वर कर्ज झालं.

आकडे कुठं मिळतील?

जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, पीकक्षेत्र, बँका, शाळा, पाऊस सगळं एका जागी असतं. विहिरींच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची वर्षातून चार वेळा मोजणी होते. पिकं सातबारावर आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत. ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर. नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहे.

एक सावधगिरी. जिल्ह्याच्या उत्पन्नाचा जो आकडा येतो त्यातला बराचसा भाग राज्याचा आकडा वेगवेगळ्या निकषांवर जिल्ह्यांत वाटून काढलेला असतो. त्यामुळे "आमच्या एका योजनेने जिल्ह्याचं उत्पन्न इतके टक्के वाढलं" असं कुणी म्हटलं तर ते त्या आकड्यातून सिद्ध होऊच शकत नाही.

मोजलं आणि फायदा नाही असं निघालं, तर योजना बंद करायची?

आधी बघा की कुणासाठी नाही निघाला. बिहारमध्ये २००६ ला नववीच्या मुलींना सायकली दिल्या, कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून मोजलं, तर माध्यमिक शाळेतल्या मुलींची नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली निघाली, आणि ती वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत होती. शाळा दारात असलेलं गाव मोजलं असतं तर "सायकलीचा उपयोग नाही" असंच उत्तर आलं असतं. म्हणून बंद करण्याआधी बदलता येते का बघायचं, जागा, वेळ, माणसं.

आमच्याकडं ना माणसं ना पैसा. सुरुवात कशी करू?

काम सुरू व्हायच्या आधी मोजा. नव्वद टक्के ठिकाणी इथंच चुकतं, काम झाल्यावर आठवण होते आणि मग "आधी किती होतं" हे ज्याला जसं आठवतं तसं लिहितात.

पाण्याचं काम असेल तर तुमच्या गावातल्या दहा विहिरी आणि बिनकामाच्या शेजारच्या गावातल्या दहा विहिरी निवडा, सगळ्या बागायतदाराच्याच नकोत, एखादी वस्तीवरची पिण्याची पण घ्या. सुती नको, नायलॉनची दोरी घ्या, सुती भिजली की आखडते. दर फुटाला गाठ, दर दहा फुटाला लाल चिंधी, खाली वजनाला दगड. विहिरीच्या काठावर एक जागा ऑइलपेंटने खूण करून ठेवा आणि दरवेळी तिथूनच दोरी सोडा. मोटर रात्रभर बंद असली पाहिजे, म्हणून लाइटचं वेळापत्रक बघून पहाटेचा दिवस ठरवा. दोन्ही गावं एकाच आठवड्यात करा, ऑक्टोबरला एकदा आणि मे मध्ये एकदा. वहीत तारीख, विहीर, फूट, आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा, आणि त्या पानाचा फोटो त्याच दिवशी दोघा-तिघांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा.